‘पुण्याला पाठवून देऊ का?’

ताई, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, दादाचं घर दोन गल्ल्या सोडून. भाचा वीस वर्षांचा आहे. सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. गेल्या मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर आम्ही दोघंच होतो. तेव्हा तो मला म्हणाला, “आत्या, मला मुली आवडत नाहीत. मुलगे आवडतात. कळायला लागल्यापासनं असंच आहे.” मी त्याला जवळ घेतलं, पण काय बोलावं ते सुचलं नाही.

गणपतीच्या आधी त्याचा मोबाईल दादाच्या हातात पडला. तेव्हापासून घरात सुख नाही. दादानं आधी त्याला देवऋष्याकडं नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. मग शहरातल्या एका डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, सहा महिन्यांचा कोर्स करा, पूर्ण बरा होईल, आणि गोळ्या लिहून दिल्या. आता दादाचं म्हणणं, लग्न लावून दिलं की आपोआप ताळ्यावर येईल. वैशाखात बार उडवायचा म्हणून स्थळं बघणं चाललंय. वहिनी नुसती रडते.

गावातही कुणकुण लागलीय. मंडळाच्या पोरांनी त्याच्या गाडीच्या टाकीवर खिळ्यानं ‘बायल्या’ असं कोरलं. दरवर्षी गणपतीची आरास तोच करायचा, यंदा मंडपाकडं फिरकलासुद्धा नाही. दिवाळीला आला तेव्हा ताटावरून तसाच उठला आणि म्हणाला, “मी नसतो तर तुम्हा सगळ्यांचं बरं झालं असतं.”

माझ्याकडं थोडी बचत आहे. त्याला पुण्याला पाठवून द्यावं, तिकडंच राहू दे, असं वाटतंय. इथं त्याचं काही खरं नाही. मी विचार करतेय तो बरोबर आहे का?

— एक आत्या

ताई,

पुण्याचं नंतर बोलू. आधी त्याचं ते ताटावरचं वाक्य.

“मी नसतो तर” हे पोरगं रागानं बोललं असेल, थकून बोललं असेल, किंवा त्याच्या मनात खरंच जिवाचं काही असेल. नेमकं काय ते बाहेरून कळत नाही, म्हणून विचारायचं. आडून नाही, सरळ विचारायचं: “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला तर घाबरून रडारड करू नका, शपथा घालू नका. शेजारी बसा, त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्यानंही करावा आणि तुम्हीही करावा.

दुसरी गोष्ट, आणि ही आजच करा. तुमच्या दादाची द्राक्षबाग आहे. बागायतदाराच्या घरी फवारणीची औषधं कुठं असतात ते मी बघितलंय: पडवीत, जिन्याखाली, मोटारीच्या खोलीत, निम्म्या वापरलेल्या बाटल्यांसकट. ती सगळी पेटीत घालून कुलूप लावा आणि किल्ली दादाच्या नाहीतर तुमच्या कमरेला राहू द्या. दादाला कारण सांगायची गरज नाही. “अंगणवाडीत सूचना आलीय, घरात औषधं उघडी ठेवायची नाहीत” एवढं पुरे. माणसाच्या मनात तो विचार जोरानं येतो, काही वेळ टिकतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी बाटली नसली तर जीव वाचतो. खेड्यात हे फार घडतं म्हणून इतकं लिहिलं.

आता शेडवरची गोष्ट. काय बोलावं सुचलं नाही याची तुम्हाला खंत आहे असं पत्रातून जाणवलं. ताई, तुम्ही त्याला जवळ घेतलंत. त्या दिवशी एवढंच हवं होतं. अशी मुलं वर्षानुवर्षं एकेका माणसाला मनात जोखत असतात. टीव्हीवर काही आलं तर ही काय बोलते, दारात यल्लम्माचा, साडी नेसलेला जोगता आला तर ही हसते का, कुणाची टिंगल चालली असेल तर ही गप्प बसते का. वीस वर्षं त्यानं तुम्हाला असं पाहिलं आणि मग तुमची निवड केली. आईला नाही सांगितलं, जिवलग मित्राला सांगितलं की नाही ते आपल्याला माहीत नाही, तुम्हाला सांगितलं.

मला मात्र हे एकदा जमलं नव्हतं. साताऱ्यात समुपदेशनाचं काम सुरू केलं तेव्हा कोरेगावकडची एक आई मुलाला घेऊन आली होती. दहावी झालेला, शर्टाची वरची गुंडीही लावलेली, चप्पल दाराबाहेर नीट जुळवून ठेवून आत आला. त्यानं खाली मान घालून सांगितलं आणि मी म्हणाले, “हे वयच असं असतं बाळा, पुढं जाईल.” मला वाटलं मी धीर दिला. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि “हो मॅडम” म्हणाला. पुन्हा तो आला नाही. त्या “हो मॅडम”मध्ये काय होतं हे मला पुढं बरीच वर्षं काम केल्यावर समजलं. त्यानं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली होती आणि मी त्याला सांगितलं की तुझं तुला कळत नाही. म्हणून म्हणते, तुम्ही काही न बोलता जवळ घेतलंत ते बरं केलंत.

हा आजार आहे का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण दादा विचारणार, म्हणून सांगते. नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी, तिनंही 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा आजार नाही. जो आजारच नाही त्याचा सहा महिन्यांचा कोर्स कसला? माणसाचा कल बदलून देतो म्हणणाऱ्या उपचाराला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की असं करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन धरावं. म्हणजे त्या डॉक्टरची तक्रार होऊ शकते. करायची की नाही ते भाचा ठरवेल, पण चिठ्ठ्या आणि बिलं जपून ठेवा. त्या गोळ्या मात्र एकदम बंद करू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या की त्रास होतो. सांगलीच्या किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चिठ्ठी दाखवा, या कशाच्या आहेत ते विचारा आणि ते सांगतील तशा बंद करा. तिथं जाताना ‘मुलगा असा आहे, बरा करा’ म्हणून जायचं नाही. ‘मुलगा जेवत नाही, झोपत नाही, मरणाचं बोलतो’ म्हणून जायचं. उपचार हवाय तो त्या दुःखावर.

देवऋष्याचं वाचून मात्र मला राग आला. आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अर्धं आयुष्य घालवलं तो कायदा 2013 मध्ये, त्यांचा खून झाला त्याच वर्षी, झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, आणि अगदी मिरचीची धुरी देणं हेसुद्धा त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. दादाला पोलिसांची भीती घाला असं मी म्हणत नाही. पण परत तिकडं न्यायची भाषा निघाली तर एवढं त्याच्या कानावर घाला की धुरी देणारा आणि त्याला मदत करणारा, दोघंही यात येतात.

आता लग्न. इथं ताई, तुमच्या हातात जे आहे ते माझ्याही हातात नाही.

मुलाच्या लग्नाचं वय एकवीस पूर्ण. भाचा वीस वर्षांचा आहे. वैशाखापर्यंत त्याला एकवीस पुरे होत नसतील, तर ते लग्न 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात बसतं. आपण हा कायदा फक्त मुलींसाठी आहे असं धरून चालतो, तसं नाही. आणि या कायद्यात महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही कितीतरी घरी जाऊन मुलींची लग्नं पुढं ढकलायला लावली असतील. तेच वाक्य या वेळी स्वतःच्या माहेरी बोलायचंय: “दादा, त्याला एकवीस पूर्ण होत नाहीत, आणि मी सेविका आहे. माझ्याच घरात हे झालं तर मी गावात कुठल्या तोंडानं फिरू?” यात भाच्याचं गुपित कुठंच येत नाही. दादाला माघार घ्यायला वाटही राहते.

एकवीस झाल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. तिथं मग त्या मुलीबद्दल बोला, जिला कुणी अजून पाहिलंही नाही. कुणाच्या तरी घरची ती लाडकी लेक असेल. हळद लागेल, आहेर होतील, आणि मग ती वर्षानुवर्षं आरशात बघत राहील की माझ्यात काय कमी आहे. मूल का नाही म्हणून सासू तिलाच विचारेल. असे संसार मी जवळून पाहिले आहेत. नवरा वाईट नव्हता, बायको वाईट नव्हती, आणि दोघंही आतून करपून गेली. दादाला एक मुलगी असती आणि तिच्यासाठी असं स्थळ आलं असतं, सगळं माहीत असताना, तर त्यानं दिली असती का? हा प्रश्न त्याला जरूर विचारा, पण भांडणात नको, तो शांत असेल तेव्हा विचारा.

कारण सगळं अडलंय ते दादापाशी, आणि तुम्ही पत्रात त्याच्यावर फार रागावला आहात. मला तो तसा दिसत नाही. पोराचा मोबाईल हातात पडल्यावर त्यानं पोराला घराबाहेर काढलं नाही. इकडं नेलं, तिकडं नेलं, पैसे घातले. चुकीच्या दारांत नेलं, पण तो घाबरलेल्या बापासारखा पळतोय. त्याला काय दिसत असेल याचा विचार करा. बहुतेक त्याच्या डोळ्यांपुढं दोनच चित्रं असतील: एक, पोरगं साडी नेसून टाळ्या वाजवत बाजारात फिरतंय, दोन, म्हातारपणी पोरगं एकटं, तापानं फणफणलेलं, पाणी द्यायला कुणी नाही.

पहिलं चित्र चुकीच्या समजुतीतून येतं. आपल्याकडं ‘तसला’ या एका शब्दात सगळ्यांना कोंबतात. पुरुष असून ज्याला पुरुष आवडतो तो समलिंगी, गे. बाईला बाई आवडते ती लेस्बियन. दोन्हींकडं ओढ असते ते उभयलैंगिक, बायसेक्शुअल. कुणाचं शरीर मुलाचं पण आतून ती मुलगी असते, किंवा उलट, त्यांना ट्रान्सजेंडर म्हणतात. तृतीयपंथी समाज आपल्याला ठाऊक आहे तो यातलाच. आणि काही बाळं जन्मतःच अशी असतात की मुलगा की मुलगी हे शरीरावरून सरळ ठरत नाही, त्यांना इंटरसेक्स म्हणतात. अंगणवाडीत वजनं घेताना एखादं असं बाळ तुमच्या हातीही आलं असेल. भाचा म्हणाला, मला मुलगे आवडतात. त्यानं मी मुलगी आहे असं म्हटलेलं नाही. म्हणाला असता तरी मी तुम्हाला हेच लिहिलं असतं, फक्त त्याच्या गरजा थोड्या वेगळ्या असत्या. आणि साडीत फिरणाऱ्यांबद्दल दादाला एवढं सांगा की शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिलं. तेही खेडंच आहे, तिथंही पाराखाली बसणारी माणसं आहेत.

दुसरं चित्र खरं आहे आणि त्याला खोटा धीर देऊ नका. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाचा तो जाच संपवला, दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं हा आता गुन्हा नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे भाचा उद्या कुणाबरोबर राहिला तरी कायद्याच्या कागदावर ते लग्न नाही. म्हातारपणाची काळजी त्यामुळं खरीच आहे. पण तापात पाणी कोण देणार, याचं उत्तर फक्त लग्नातून मिळत नाही. भावंडं देतात, मित्र देतात, जोडीदार देतो, भाचरं देतात. आज घरानं तोडलं नाही तर. पोराला एकटं पडू द्यायचं नसेल तर ते आजपासून बापाच्या हातात आहे, हे दादाला सांगायचं.

कसं सांगायचं? समोर बसवून नाही. आपल्याकडचे बाप समोरासमोर बसून बोलत नाहीत, कामात असताना बोलतात. सध्या बागेत फेलफूट काढणं, विरळणी असं काही ना काही चालूच असेल. तुम्ही सकाळी दोन तास जा. वेलीच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिलात की मध्ये पानं असतात, एकमेकांचा चेहरा धड दिसत नाही, हात चालू असतात. तिथं जे बोलता येतं ते सोप्यात बसून येत नाही. एकाच दिवशी सगळं बोलू नका. पहिल्या दिवशी एवढंच: “दादा, पोरगं वाळलंय. मला भीती वाटतीय.” त्यावर तो ओरडेल किंवा गप्प राहील. गप्प राहिला तर तुम्हीही राहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आपणहून विचारेल, “तुला काय म्हणाला का तो?” पुष्कळ बाप इथंच येऊन उघडतात. मग सांगा की हे आपल्या हातून काही चुकल्यामुळं झालेलं नाही, वहिनीच्या लाडामुळं नाही, होस्टेलमुळं नाही, मोबाईलमुळं तर नाहीच.

त्याला वेळ द्या. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढं दोन तरुण मुलींचं प्रकरण आलं. घरचे त्यांना एकत्र राहू देत नव्हते. न्यायमूर्तींनी खुल्या मनानं सांगितलं की हा विषय मला पुरता समजलेला नाही, आणि निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडं जाऊन बसले, समजून घेतलं. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला शिकावं लागलं, तर द्राक्षबागायतदाराला दोन-चार महिने लागले म्हणून काय बिघडलं? आणि बापाला आत्याचं पटत नाही, दुसऱ्या बापाचं पटतं. ‘स्वीकार’ नावाचा आईबापांचा एक गट 2017 पासून आहे, अशा मुलांच्या आईवडलांनीच चालवलेला, मुंबईत सुरू झाला. आधी वहिनीचं बोलणं तिथल्या एखाद्या आईशी करून द्या. ती नुसती रडते असं तुम्ही लिहिलंय. तिला बोलायला कुणी मिळालेलंच नाही, ताई.

आणि आता पुण्याचं.

पुण्यात समपथिक ट्रस्टनं 2002 मध्येच अशा मुलांसाठी काम सुरू केलं, त्या शहरात त्याला त्याच्यासारखी मुलं भेटतील, मोकळा श्वास घेता येईल, हे सगळं खरं. भाच्याला शिकायला, नोकरीला, आपल्या मनानं जायचं असेल तर तुमची बचत जरूर द्या. पण “इथं त्याचं काही खरं नाही, तिकडंच राहू दे” हे तुम्ही ठरवलंय, त्यानं नाही. प्रेमापोटी ठरवलंय, तरी त्याच्या कानाला ते दादाच्या ओरडण्यासारखंच लागेल: तू इथं नकोस. ज्यानं दरवर्षी गावचा गणपती सजवला त्याचं गाव हेच आहे. बेदाण्याचं शेड त्याचं आहे, दोन गल्ल्या त्याच्या आहेत. त्याला गावातून बाहेर न्यायची सोय करण्याआधी गावात त्याच्या बाजूची माणसं किती उभी करता येतील ते बघूया. सगळं गाव लागत नाही. चार लोक काय म्हणतील म्हणून आपण जन्मभर घाबरतो, मग आपलेही चार असू द्यात. तुम्ही एक झालात. वहिनी दुसरी होऊ शकते. एखादा जुना मित्र, एखाद्या शिक्षिका, मंडळातलाच एखादा जरा जाणता पोरगा.

मंडळाच्या बाबतीत तर तुम्ही उद्याच बोलू शकता, आणि भाच्याबद्दल चकार शब्द न काढता. ती पोरं तुमच्या अंगणवाडीतली आहेत, निम्म्यांची नाकं तुम्ही पुसली आहेत. त्या गाडीवर जे कोरलं ते वाचून दाखवा आणि विचारा, बायल्या म्हणजे बाईसारखा, ना? मग बाईसारखं असणं ही शिवी कधीपासून झाली? तुमची आई बाई आहे, मी बाई आहे. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, तुम्ही 3 जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालता. एवढं बोलून मंडळाच्या अध्यक्षाला सांगा की टाकी रंगवून द्यायची, मंडळाच्या खर्चानं. हे होईल, ताई. गावात अंगणवाडीच्या बाईंचा शब्द खाली पडत नाही. आणि टाकीला नवा रंग लागलेला गावानं पाहिला की न बोलता बरंच काही पोचतं. पुढच्या वर्षी आरास कुणी करायची हे बोलायला तेव्हा अवकाश आहे. त्याला करायची असेल तर त्यानं करावी. उगाच आग्रह नको, पण जागा मोकळी ठेवा.

कॉलेजमध्ये, होस्टेलवर कुणी त्यावरून छळत असेल तर ते रॅगिंगच आहे. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 पासून लैंगिक कलावरून केलेला त्रास स्पष्ट लिहिलेला आहे. तक्रार करायला आपण कोण आहोत हे कबूल करावं लागत नाही, त्रास झाला एवढंच सांगायचं.

सांगलीतच 1992 पासून संग्राम संस्थेचं काम आहे. एचआयव्हीच्या काळात वेश्यावस्तीतल्या बायकांबरोबर ते सुरू झालं, म्हणून नाव ऐकून गावात कुणी नाक मुरडेल, तुम्ही मुरडू नका. त्या कामातूनच ‘मुस्कान’ ही पुरुष आणि तृतीयपंथी यांची संघटना उभी राहिली. ज्यांना सगळ्यांनी दूर लोटलं त्यांच्याबरोबर तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसांना तुमच्या भाच्याचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. होस्टेलपासून अंतरही फार नाही. त्याला फक्त सांगून ठेवा की असं आहे. जायचं की नाही ते तो बघेल.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रावरून आठवली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात र. धों. कर्वे वाचकांच्या अशाच, कुणी तोंडानं बोलत नसे अशा प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पण माणसानं विचारलं तर त्याला खरं उत्तर मिळायला हवं, यासाठी ते उभे राहिले. तुमच्यासारखी पत्रं उघडताना मला दर वेळी ते आठवतं.

शेवटी एक विनंती, थोडी अवघड आहे. तुम्ही काळजीनं लिहिलंत, पण हे पत्र लिहिताना भाच्याला विचारलं होतंत का? मला नाही वाटत. इथून पुढं कुणालाही सांगायचं झालं, वहिनीला, शिक्षिकेला, संस्थेला, तर आधी त्याला विचारा: “हिला सांगू का? किती सांगू?” जिवाला धोका असेल तेवढी वेळ सोडून. गेले काही महिने त्याच्याबद्दल सगळ्यांनी ठरवलं: बापानं, देवऋष्यानं, डॉक्टरनं, मंडळाच्या पोरांनी. कुणाला काय सांगायचं एवढं तरी त्याला ठरवू द्या.

तुमच्या मूळ पत्रात त्याचं नाव, गावाचं नाव आणि कॉलेजचं नाव होतं. ते इथं छापलेलं नाही, छापताना ओळख पटेल असे बारीक तपशीलही बदलले आहेत, आणि पत्र मी फाडून टाकलं आहे. हे त्यालाही सांगा. पुढचं पत्र त्याची इच्छा असेल तर दोघांनी मिळून लिहा, बाग उतरल्यावर, बेदाणा शेडवर पडला की.

— तुमची ताई, सातारा